मिक्सरवाले आजोबा

आमच्या घरात मिक्सर या शब्दाला एकच अर्थ आहे, आणि त्याचा संबंध शेंगदाण्याच्या कुटाशी आहे. त्यामुळं वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी "मी मिक्सिंग शिकतोय" असं मी चहाच्या वेळी जाहीर केलं, तेव्हा सौ.नं कौतुकानं माझ्याकडं पाहिलं, भाजलेल्या दाण्यांचं ताट पुढं सरकवलं आणि म्हणाली, "उशिरा का होईना, सुचलं म्हणायचं!"

तिचा गैरसमज दूर करायला मला वीस मिनिटं लागली. कूटही करावं लागलंच.

या सगळ्याचं मूळ लातुरात आहे. माझी धाकटी बहीण तिथं दिली. दाजींचं आडतीचं दुकान. तूर, हरभरा, सोयाबीन यांचे भाव त्यांना तोंडपाठ, आणि नातवाचे गुणही. हा नातू यंदा बारावीत होता. आता 'बारावी' आणि 'लातूर' हे दोन शब्द एकत्र आले की घरात काय होतं, हे मराठवाड्याबाहेरच्या वाचकांना सांगून कळायचं नाही. इतर गावांत पाहुणा भेटला की 'बरं आहे ना?' विचारतात, लातुरात 'किती पडले?' विचारतात. 'लातूर पॅटर्न' ही म्हणायला अभ्यासाची पद्धत, पण घरात ती संचारबंदीसारखी लागू होते. टीव्हीवर खोळ चढते, लग्नकार्यं पुढं जातात आणि संशयास्पद वस्तू जप्त होतात. या घरात जप्त झाली ती गिटार. तीसुद्धा विजेवर चालणारी. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीनं लातूरला पाणी आलं, त्याची बातमी देशभर झाली होती. आमच्या घरापुरती तेवढीच खळबळजनक वाहतूक म्हणजे गोणपाटात गुंडाळलेली एक गिटार एस.टी.नं अहमदपूर, लोहा करीत नांदेडला माझ्याकडं येऊन पोचली. सोबत दाजींचा निरोप होता: "परीक्षा होईपर्यंत तुमच्याकडं ठेवा. पोराला देऊ नका."

मी ठेवली. आणि पोराला दिली.

नातूसाहेब महिन्यातला एखादा रविवार 'आजोबांकडून भौतिकशास्त्र समजून घ्यायला' म्हणून नांदेडला यायचे. मी विज्ञानाचा निवृत्त मास्तर असल्यामुळं या सबबीवर कुणी शंका घेतली नाही. पोरगं यायचं, माझ्या जुन्या संगणकाला एक डबी जोडायचं, तिला गिटार जोडायचं, आणि कानाला हेडफोन लावून वाजवत बसायचं. बाहेर फक्त तारांची टिकटिक ऐकू यायची. मी म्हणायचो, किती सात्त्विक वाद्य! एकदा त्यानं हेडफोन माझ्या कानाला लावला आणि मला पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटल्याचा भास झाला. या प्रकाराला हेवी मेटल म्हणतात.

डिसेंबरात रविवारचेही क्लास सुरू झाले. जाताना तो म्हणाला, "आजोबा, वाजवून सगळं झालंय. फक्त मिक्सिंग राहिलंय. ते तुम्ही करा."

'फक्त' हा शब्द मराठीत फार फसवा आहे. 'सगळं ठरलंय, फक्त मुलगी बघायची राहिलीय' यातल्यासारखा. मी कां कूं केलं, तेव्हा पोरगं गंभीर झालं. "अर्धवट राहिलं ना आजोबा, तर ते डोक्यात वाजत राहतं. फिजिक्सच्या पेपरात पण वाजेल. एकदा पूर्ण ऐकलं की सुटेल." ज्या मास्तरानं तीस वर्षं 'ध्वनी' हा धडा शिकवला, त्याला यावर नाही म्हणता येईना.

शिवाय मला या विषयातला पूर्वानुभव होता. आणि एक जुनं देणंही होतं.

१९७९ साली मी पहिल्या पगाराच्या जोरावर टेपरेकॉर्डर घेतला. लोह्याजवळच्या आमच्या गावी अखंड हरिनाम सप्ताह होता आणि आमचे अण्णा अभंग म्हणणार होते. शेजारच्या गावचा एक तरणा पोरगा पखवाजाच्या साथीला आला होता. मी टेप मधोमध ठेवून बटण दाबलं आणि थोडं वाजवून बघितलं, तर अण्णा गायबच! नुसता पखवाज आणि टाळ. मग मी व्यवस्था बदलली. टाळकऱ्यांना खांबामागं बसवलं, पखवाजवाल्याला थेट दाराशी, चपलांच्या शेजारी नेलं, आणि अण्णांना टेपच्या पुढ्यात. आता अण्णा स्वच्छ ऐकू आले. पखवाजवाला मात्र चपलांशेजारच्या जागेवर नाराज झाला. त्याची समजूत काढायला वडीलधारी मंडळी पुढं झाली, त्यातून ओळख वाढली आणि पुढच्या वर्षी तो आमचा जावई झाला. हेच ते दाजी.

तेव्हा मला वाटलं होतं की हा माणसं सरकवण्याचा शोध माझाच. पुढं वाचनात आलं, की हे धंद्यातलं सगळ्यात जुनं तंत्र आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गेसबर्ग नावाचा तंत्रज्ञ कलकत्त्यात आला आणि त्यानं गौहरजान यांचं गाणं तबकडीवर घेतलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, वीजही नव्हती. एक मोठा कर्णा, त्याच्या टोकाला थरथरणारा पडदा, त्याला सुई आणि खाली मेण. आवाज कमीजास्त करायला बटणच नव्हतं. जोरकस वाद्य कर्ण्यापासून लांब, नाजूक वाद्य जवळ. गायिकेनं वरचा सूर लावला की डोकं मागं घ्यायचं आणि खाली आली की पुढं. तीनएक मिनिटांत गाणं आटोपायचं आणि शेवटी आपलं नाव इंग्रजीत मोठ्यानं सांगायचं; कारण तबकड्या छापायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, आणि तिथल्या कारागिरांना कोण गातंय हे कळायला हवं. म्हणजे पहिलं मिक्सिंग मानेनं आणि पायानं झालं. १९२५ च्या सुमाराला विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, तेव्हा कुठं मानेला विश्रांती मिळाली.

एवढ्या भांडवलावर मी संगणक उघडला. पडद्यावर अकरा आडव्या पट्ट्या. गिटारच्या चार, बास गिटारची एक, नातवाच्या ओरडण्याच्या दोन, आणि बाकीच्या ढोलताशांच्या. हे ढोल कुणी वाजवलेले नव्हते, संगणकातच मांडलेले होते. यात कमीपणा नाही. मेशुगा नावाच्या स्वीडिश मंडळींनी २००५ सालच्या आपल्या तबकडीत असेच संगणकातले ढोल वापरले आहेत. शिवाय आमच्या वरच्या मजल्यावर ज्यांना रक्तदाब आहे, त्यांच्या दृष्टीनंही ते बरं.

ज्या पट्टीचं ऐकू येत नाही तिचा आवाज वाढवायचा, हे सरळ गणित मी मांडलं. आधी गिटार वाढवली. मग ढोल दबले म्हणून ढोल वाढवले. मग ओरडणं दबलं, तेही वाढवलं. अर्ध्या तासात अकराच्या अकरा पट्ट्या शिगेला पोचल्या, लाल दिवे लागले आणि लग्नाच्या पंगतीत सगळे वाढपी एकाच दारातून निघावेत तसा आवाज येऊ लागला.

मी नातवाला फोन केला. दहा मिनिटांच्या मधल्या सुट्टीत तो म्हणाला, "आजोबा, आधी सगळं खाली आणा. आणि गिटारचा गेन निम्म्यावर."

गेन म्हणजे गिटारच्या आवाजाला दिलेला ताव. ताव फार झाला की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि तो खरखरीत, दाणेदार नाद निघतो. हेवी मेटलचा प्राण हाच. मास्तर म्हणून मला याची गंमत वाटली, कारण हा नाद जन्माला आला तो बिघाडातून. १९५८ साली लिंक रे यांनी हवा तो खरखरीत आवाज यावा म्हणून स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीनं भोकं पाडली. १९६१ सालच्या मार्टी रॉबिन्स यांच्या एका गाण्यात मिक्सरचा एक भाग बिघडला आणि गिटार गुरगुरू लागली. लोकांना ती गुरगुर आवडली आणि पुढच्याच वर्षी ती मुद्दाम काढणारी डबी बाजारात आली. १९६४ साली किंक्समधल्या डेव्ह डेव्हिस यांनी स्पीकरला ब्लेड मारलं. १९६५ साली बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी या तरुणाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली, तीही नोकरीच्या शेवटच्या दिवशी. तो डावखुरा वादक. तारा दाबायची ती हीच बोटं. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, तारा हलक्या घेतल्या, पुढं त्या सैलही केल्या. आणि १९७० साली ब्लॅक सॅबाथची पहिली तबकडी निघाली. हेवी मेटलची वंशावळ तिथून मोजतात.

यात मला एकच तक्रार नोंदवायची आहे. हाच नाद आमच्या माळेगावच्या यात्रेत तमाशाच्या तंबूवरच्या कर्ण्यातून मी लहानपणी भरपूर ऐकलेला आहे. फाटलेला पडदा, पूर्ण पिळलेलं बटण आणि त्यातून आलेली लावणी. फक्त आमच्या मंडपवाल्याला त्याची तबकडी काढायचं सुचलं नाही.

तर मी गेन निम्म्यावर आणला आणि चमत्कार झाला: गिटार मऊ पडायच्या ऐवजी जास्त कडक वाटू लागली. आधी नुसता खकाणा होता. आता प्रत्येक ठोका वेगळा कळायला लागला.

दुसरी फजिती चार गिटारींवरून झाली. पोरानं एकच तुकडा पुन्हापुन्हा वाजवून ठेवला होता. मला वाटलं, एवढी मेहनत कशाला? मी एक पट्टी घेतली, तिची हुबेहूब नक्कल केली, एक डाव्या कानात टाकली, एक उजव्या. ऐकतो तर काय, दोन्ही मिळून मधोमध एकच गिटार! कान मोठे चतुर असतात. दोन्हीकडून तंतोतंत सारखं आलं की ते त्याला एकच समजतात. दोनदा वाजवलेल्या गिटारी मात्र केसाएवढ्या मागंपुढं होतात, आणि तेवढ्यानंच आवाज खोलीभर पसरतो. दोन भाऊ आरती म्हणतात तेव्हा घर भरतं, एकानंच दुप्पट ओरडून भरत नाही.

यासाठी लेस पॉल यांचे आभार मानले पाहिजेत. १९४८ साली त्यांनी एका गाण्यात एकट्यानं आठ गिटारी वाजवल्या, आणि त्याही तबकड्यांवर: एक तबकडी वाजवायची, तिच्यासोबत आपण वाजवायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर घ्यायचं. सातव्या वेळी बोट चुकलं, तर त्या थराची तबकडी बाद. पुढं फीत आली, आणि १९५७ साली त्यांनी आठ पदरी यंत्र करवून घेतलं. १९७९ साली पोर्टास्टुडिओ नावाची पेटी निघाली, तिच्यात साध्या कॅसेटवर चार पदर वेगळे राहायचे. म्हणजे ज्या वर्षी मी दाजींना चपलांशेजारी बसवत होतो, त्याच वर्षी जगात चार माणसांना न हलवता मिक्सिंग करायची सोय घरगुती किमतीला आली होती. फक्त लोह्यापर्यंत पोचली नव्हती.

नंतर संगणकानं तर घरच स्टुडिओ केलं. मुंबईत 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव १९८६ पासून भरू लागला, तेव्हा ध्वनिमुद्रण म्हणजे भाड्याचा स्टुडिओ आणि घड्याळाकडं नजर. २००० साली मुंबईतच डेमॉनिक रिझरेक्शन हा वाद्यवृंद काढणाऱ्या साहिल मखिजा यांनी पुढं घरातच ध्वनिमुद्रणाची मांडणी केली. दिल्लीच्या ब्लडीवूडचे करण कटियार यांनी तर वकिली सोडली, गिटारला ढोलाची जोड दिली आणि परदेश गाजवला. ही शेवटची हकीकत मी दाजींच्या कानावर जाऊ दिलेली नाही. वकिली सोडल्याचा भाग त्यांना झोंबला असता.

तिसरी चूक आवाजाच्या पातळीची. मी हेडफोन पूर्ण आवाजात लावून ऐकायचो आणि खूश व्हायचो. सकाळी हळू आवाजात लावलं की सगळं बेचव. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनी याचे आलेख काढून ठेवलेत: आवाज हळू असला की कानाला खर्ज आणि टीप दोन्ही कमी ऐकू येतात, मोठा केला की दोन्ही फुगतात. म्हणून मोठ्यानं काहीही चांगलंच वाटतं. हा आलेख मी वर्गात फळ्यावर काढलेला आहे, तरी फसलो. शिवाय गिटारचे मधले सूर काढून टाकले की ती एकटी ऐकायला झोकदार वाटायची, म्हणून मी ते काढले होते. पण इतर वाद्यांत ती सापडेचना. गिटारचं राहतं घरच मधल्या सुरांत. ते पाडून तिला शोधत बसलो होतो.

त्या दिवसापासून मी हळू ऐकू लागलो, आणि जागा बदलून ऐकू लागलो. मोबाइलवर, स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर, आणि एकदा वजिराबादेतून घरी येताना ऑटोत. ऑटोवाल्यानं निमूट लावू दिलं आणि उतरताना विचारलं, "काका, स्पीकर गेला का हो माझा?" हे मी शुभचिन्ह मानलं.

एप्रिलात एका लग्नासाठी दाजी नांदेडला आले आणि न कळवता घरी आले. मी हेडफोन लावून बसलेलो, शेजारी गोणपाटाबाहेर आलेली गिटार. "काय ऐकायलात, पाव्हणं?" म्हणत त्यांनी हेडफोन उचलून स्वतःच्या कानाला लावला. मी काही बोलायच्या आत गाणं सुरू झालं होतं.

साडेचार मिनिटं दाजी हलले नाहीत. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिलो, पण सोयाबीनचा भाव पडला की वाढला हे त्या चेहऱ्यावरून आजवर कुणाला कळलेलं नाही. शेवटी हेडफोन काढून ते म्हणाले, "ओरडणारा आमचाच ना?"

"हो."

"ह्याच्यात धूम कुठंय?"

मला कळेना. त्यांनी मांडीवर डाव्या हातानं थाप मारली. "धूम, धूम. ढोल दिसायलाय, पण त्याचं पोट दिसंना. खाली दोघं एकदम बोलायलेत."

मी पट्ट्या बघितल्या. बास गिटार आणि मोठा ढोल, दोघंही एकाच खर्जात, साठ-सत्तर कंपनांच्या आसपास, एकमेकांच्या अंगावर बसले होते. चार महिने मला न सापडलेलं दाजींना एका ऐकण्यात सापडलं. ते पुढं म्हणाले, "पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतो ना आपण? जास्त झाली की भदभद, कमी झाली की ठणठण. बेतानं काढायची." मी बास गिटारची तेवढ्याच जागेची थोडी कणीक काढली आणि चारही गिटारींचा शंभर कंपनांखालचा भाग छाटला. ढोल असा बाहेर आला, की दाजींनी माझ्याकडं बघून मान हलवली. आवाज कुणाचाच वाढवला नव्हता. सगळे जरा मागं सरकले होते, इतकंच.

मग ते सहज म्हणाले, "तुमच्या त्या टेपात माझा पखवाज असाच दाराशी गेला होता. आहे का हो ती टेप अजून? अण्णांचा आवाज एकदा ऐकावा म्हणतो."

हेच ते देणं. अण्णा १९८१ साली गेले. २५ जून १९८३ च्या रात्री विश्वचषकाचा अंतिम सामना रंगात आला, रेडिओवरचं समालोचन टेप करायची मला हुक्की आली आणि कोरी कॅसेट सापडेना. अंधारात हाताला लागली ती कॅसेट घातली. कॅसेटच्या कडेला दोन चिमुकल्या चकत्या असतात. त्या मोडल्या की वरून पुन्हा टेप होत नाही. पण कॅसेट पुन्हा वापरता यावी म्हणून आम्ही त्या कधी मोडत नसू. भारत जिंकला आणि आमचे अण्णा दुसऱ्यांदा गेले. चाळीस वर्षं मी 'सापडत नाही' एवढंच सांगत आलो होतो. त्या दिवशी खरं सांगितलं.

दाजी बराच वेळ गिटारकडं बघत राहिले. मग म्हणाले, "कितीनं जिंकलो होतो?"

"त्रेचाळीस धावांनी."

"हां." थोड्या वेळानं: "हे मात्र पुसू नका."

संगणकाला मोडायला चकती नसते. म्हणून मी गाण्याच्या तीन प्रती केल्या. एक संगणकात, एक कपाटात, आणि एक पेन ड्राइव्हवर घालून दाजींना दिली. ती त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात, आडतीच्या पावत्यांसोबत ठेवली. गिटार मात्र नेली नाही. "परीक्षा होऊ द्या," म्हणाले.

नातवानं परीक्षेच्या आठ दिवस आधी गाणं ऐकलं. "आजोबा, किक एकदम कशी बसली हो? कोणतं प्लगइन वापरलं?" मी म्हटलं, "कणीक." तो म्हणाला, बघतो, उतरवून घेतो. पेपर देऊन आल्यावर त्यानं फोन केला. पेपर कसा गेला हे निकाल सांगेल. पण पेपरभर डोक्यात गाणं एकदाही वाजलं नाही, म्हणाला.

इकडं दाजी रोज रात्री दुकान बंद करताना ते एकदा वाजवतात, असं बहीण सांगत होती. हमाल मंडळी तक्रार करतात म्हणे.